हेड्याची जीप

सुंदरराव हेड्यानं आपली नवी जीप दुष्काळी चारा छावणीवर जनावर म्हणून लावली, अशी आवई एकोणीस सालच्या उन्हाळ्यात नांदूरघाटाच्या आसपास उठली होती. छावणीतल्या जनावरांच्या कानाला पिवळा बिल्ला मारतात, तसा म्हणे जीपच्या आरशाला मारला होता आणि तिच्या नावावर रोजचा हिरवा चारा उचलला जात होता. केजच्या बाजारात तर एकानं भंडारा उचलून, शपथेवर सांगितलं, की तपासणीच्या साहेबानं बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर टिपून घेतला, "गाय की म्हैस?" म्हणून विचारलं, आणि सुंदरराव म्हणाले, "भाकड म्हैस हाय साहेब, पन लई गुणी."

यातलं खरं एवढंच, की जीप नवी होती आणि आरशाला काहीतरी पिवळं लोंबत होतं. तो बिल्ला नव्हता. सुंदररावांच्या मंडळींनी, म्हणजे तुळजाबाईंनी, दृष्ट लागू नये म्हणून हळदीच्या फडक्यात बिब्बा बांधून तिथं लटकवला होता. चाऱ्याचं म्हणाल, तर जीप चारा खात नव्हती. खात असती तर सुंदररावांना ती जास्त कळली असती.

कारण सुंदरराव धंद्यानं हेडी. जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून सौदा जमवायचा, ही त्यांची तीस वर्षांची कमाई. बैलाच्या तोंडात हात घातला की त्याचं वय आणि मालकाची अडचण, दोन्ही त्यांना एकदमच कळायचं. रुमालाखाली हात धरून, बोटं दाबून किंमत ठरवण्यात पाटोद्यापासून केजपर्यंत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. बैल घ्यायचा म्हटलं की लोक आधी त्यांच्या ओट्यावर येत. सुंदरराव पान जुळवत, डोळे मिटत, आणि मग एखाद्या गरीब बैलाच्या कुळाचा उद्धार करत.

दोन पावसाळे कोरडे गेले आणि बाजार बसला. जनावरं छावणीत, छावणी सेवा सोसायटीची, आणि सोसायटी चेअरमन अर्जुनरावांची. माणसं ओट्यावरून उठली आणि छावणीच्या मांडवात अर्जुनरावांच्या प्लास्टिकच्या खुर्चीभोवती जमायला लागली. कुणाची गाय आत घ्यायची, कुणाच्या म्हशीला जागा नाही, हे त्या खुर्चीतून ठरायचं. सुंदरराव ओट्यावर एकटेच पान खायचे आणि एकटेच थुंकायचे. आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे दुखणं त्यांना दुष्काळापेक्षा जड गेलं. त्यातून त्यांनी ठरवलं, की उन्हाळ्यात सोसायटीची निवडणूक आहे, अर्जुनरावांच्याच जागेवर उभं राहायचं. आणि उभं राहायचं तर आधी उंच बसायला पाहिजे.

त्याच सुमाराला रस्ता रुंद करताना त्यांची बरड सरकारनं घेतली. कुसळसुद्धा उगवायला लाजायचं अशी ती जमीन, पण मोबदला बरा आला. तुळजाबाई म्हणाल्या, पिठाची गिरणी टाकू. सुंदरराव म्हणाले, "चेअरमनची पांढरी गाडी बघितलीस का? खड्ड्यात पोट घासती तिचं. आपली अशी पायजे, की वरून बघितलं तर त्याच्या गाडीचं टप दिसावं." गिरणी राहिली. बीडला जाऊन लाल रंगाची, उंच चाकांची, डोंगर चढणारी डिझेल जीप बघायचं ठरलं.

शोरूममध्ये जे झालं ते तुळजाबाईंनीच गल्लीत सांगितलं, तेही पदर तोंडात धरून. सुंदररावांनी जीपला तीन फेऱ्या घातल्या. मागच्या अंगावर थाप मारली. टायरला खुरासारखं दाबून बघितलं. पुढचं झाकण उघडायला लावून आत इतका वेळ बघत राहिले, की सेल्समनला वाटलं काकांचं काही आत पडलं. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, सेल्समनच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. तो चाळिशीचा, टाय बांधलेला, बायकापोरांचा माणूस. घाबरून म्हणाला, "काका, हात सोडा. किंमत फिक्स आहे."

"आरं, तोंडानं बोलू नको! चार माणसं ऐकत्यात," सुंदररावांनी दटावलं आणि आणखी दोन बोटं दाबली.

शेवटी जीप ठरल्या किमतीलाच आली, पण आपण दबून घेतली नाही याचं समाधान सुंदररावांना झालं. सेल्समन मात्र चांगला होता. हात चोळत का होईना, पण तो गाडी समजावून सांगायला लागला. हा मोठा दांडा गिअरचा. त्याच्या शेजारचा छोटा दांडा चारी चाकांचा. एवढा ओढला की पुढची चाकंही ओढायला लागतात, पार मागं ओढला की गाडी जड गिअरमधे जाते, आणि पुन्हा काढायचा असला तर…

इथं सुंदररावांनी कानात करंगळी घातली आणि गुणगुणायला लागले.

हा हेड्यांचा पहिला कायदा. गुण विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचे नाहीत. तो गुण सांगायला लागला म्हणजे खोड झाकतोय असं समजायचं. तीस वर्षं या कायद्यावर त्यांनी बाजार केला होता, आणि बैलाच्या बाबतीत तो खराही होता. बैल घरी आणला की चार दिवसांत स्वतःचं स्वतः सांगतो. जीप सांगत नाही. तिचं सांगणं एका पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक सुंदररावांनी घरी आल्या आल्या हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं.

मग सुरू झालं कौतुक. पहिल्या पंधरवड्यातले सुंदररावांचे जीपविषयीचे अभिप्राय गल्लीला तोंडपाठ झाले. आवाज भारदस्त: म्हणजे जीप सुरू झाली की चार घरांच्या मांडणीवरची भांडी नाचायची आणि शेजारच्या सावित्रीबाईंची म्हातारी सासू मळणीयंत्र आलं म्हणून सूप घेऊन बाहेर यायची. बसायला उंच: म्हणजे तुळजाबाईंना चढायला दळणाचा डबा पालथा घालावा लागायचा, आणि उतरताना तो डबा घरीच राहिलेला असायचा. अंग टणक: म्हणजे मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बसून केजला जाऊन आलेला माणूस तीन दिवस उभ्यानं जेवायचा. थंड हवेचं यंत्र एक नंबर: ते मात्र कुणाला कळलं नाही, कारण सुंदरराव यंत्र लावून काचा खाली ठेवायचे. काचा वर केल्या तर आत कोण बसलंय ते लोकांना कसं दिसणार?

टँकर चार दिवसांनी यायचा, तेव्हा गाडी धुण्याची सोय नव्हती. सुंदररावांनी त्यावरही उपाय काढला. बैलाच्या अंगावर फिरवायचा लोखंडी दात्यांचा खरारा त्यांच्याकडे पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो जीपच्या बॉनेटवर प्रेमानं फिरवला. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत. धूळ गेली, तिच्याबरोबर लाल रंगही गेला. मांजरानं ओरबाडल्यासारख्या पांढऱ्या रेघा उठल्या.

"अवो, हे काय केलं?" तुळजाबाई ओरडल्या.

"नवं कातडं हाय. लव झडती पयल्यांदा," सुंदरराव शांतपणे म्हणाले.

"झडू द्या. आता शिंगं साळा, म्हंजे झालं. गिरणी घेतली असती तर गिऱ्हाईक तरी आलं असतं दारात!"

गंमत अशी, की डोंगर चढायला घेतलेल्या या जीपनं महिनाभर डांबर सोडलं नाही. कुणी विचारलं की सुंदरराव उखडायचे. "नव्या बैलाला कुनी पयल्याच दिवशी नांगराला जुपतं का बे? सव्वा महिना मातीत घालायची न्हाई." म्हणून शेताकडे निघाले की गाडी सडकेला उभी करायची आणि पुढं दीड कोस पायी. लोकांची साधी मोटारसायकल बांधावरून घरापर्यंत जायची आणि ही चार चाकांची डोंगरराणी सडकेवर बाभळीखाली मालकाची वाट बघत बसायची.

आणि तो छोटा दांडा? त्याला सुंदररावांनी तंबाखूची चंची अडकवली. चारी चाकं ओढतात हे त्यांना मुळातच पटलं नव्हतं. "वढ कुठं असती? मागच्या फऱ्यात. पुढचे पाय चालायला, मागचे वढायला. पुढच्या पायानं वढनारं जनावर मी तीस वर्सांत बघितलं न्हाई. शहरातल्या मानसाला हे कोन सांगनार?"

निवडणूक आली. इकडं चेअरमनची माणसं, तिकडं सुंदररावांची जुनी गिऱ्हाइकं. गावातली मतं निम्मी निम्मी फाटली. तराजू झुकणार होता तो डोंगरावरच्या खडकवस्तीमुळं. तिथं सोसायटीचे अकरा सभासद. सगळे ऊसतोडीला जाणारे, नुकते कारखान्यावरून परतलेले. त्यांची जनावरं छावणीत घ्यायला अर्जुनरावांनी जागा नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं अकराच्या अकरा मतं सुंदररावांची. फक्त ती खाली आणायची होती. आठ कोसांची वाट, त्यातली निम्मी दगडगोट्यांची. मतदान आठ ते चार.

शहाणा माणूस सकाळीच गेला असता. सुंदरराव हेडी होते. "लौकर आनलेलं जनावर बाजारात उभं राहून सुकतं," ते म्हणाले. "अन् लौकर आनलेलं मत चेअरमनच्या चहात इरघळतं. दोनला आनायची, थेट पेटीपाशी सोडायची." बारा वाजता जेवून, पान लावून, गॉगल घालून निघाले.

वर जाताना गाडी रिकामी होती. कण्हत, घसरत, एका दगडावर पोट आपटत ती कशीबशी वस्तीवर पोचली. वस्तीवर चारचाकी येण्याचा प्रसंग पहिलाच, तेव्हा बायकांनी चाकावर पाणी घातलं. पिण्यातलं पाणी होतं ते, दुष्काळातलं. सुंदररावांची छाती तेवढ्यावरच आमदाराएवढी झाली. बायनाबाई म्हणून साठीची एक खमकी बाई वस्तीची कारभारीण. वीस हंगाम तिनं उसाच्या ट्रॅक्टरवर बसून काढलेले. तिनं बाकीच्या दहाजणांना हाकलून गाडीत बसवलं, कुणाची कोपरं कुणाच्या बरगड्यांत घातली आणि स्वतः पुढं सुंदररावांशेजारी बसली.

उतरताना ओढा लागतो. कोरडा ठाक, वीतभर वाळूचा, आणि पलीकडं उभा चढ. अकरा माणसांच्या वजनानं जीप वाळूत बसली. मागची चाकं गरागरा फिरली, वाळू उडाली, चाकं आणखी खाली गेली. मागचे सगळे उतरून ढकलायला लागले. सुंदररावांनी खिडकीतून तोंड काढून जीपला जनावरासारखं चुचकारलं. शिव्याही दिल्या. पाऊण तास गेला.

"हा दांडा कशाचा हो?" बायनाबाईंनी चंचीकडं बोट केलं.

"त्यो उगाचचा हाय."

"उगाच कावून लावतील? कारखान्याच्या टॅक्टरला असाच असतो. जड माल असला की डायवर वढतो."

"मावशी, टॅक्टर निराळा, ही निराळी."

"निराळी हाय म्हनूनच वाळूत बसली," बायनाबाई म्हणाल्या. त्यांनी चंची काढून सुंदररावांच्या मांडीवर टाकली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि ऊस मोडावा तसा पार मागं ओढला. "हं, आता पाय द्या."

जीप हलली. पुढची चाकं वाळूत पंजे रोवल्यासारखी चावली, आणि पाल भिंतीवर चढावी तशी गाडी त्या उभ्या चढावर चढली. मागून वस्तीवाल्यांनी आरोळी ठोकली. सुंदररावांनी गॉगल सारखा केला आणि म्हणाले, "माजी पारख बगा. मी म्हनलंच होतं, जनावर अस्सल हाय." बायनाबाईंनी पदरानं तोंडावरची वाळू पुसली.

सव्वातीनला डांबर लागलं. आता बारा किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटांचा मामला. सुंदररावांनी पाय दाबला. जीप जीव जाईस्तोवर ओरडली आणि सायकलीच्या चालीनं चालायला लागली. आणखी दाबला. आणखी ओरडली, चाल तीच. वळण आलं की चारी चाकं आडून बसायची, खालून कट्ट कट्ट आवाज यायचा. गाडी अजून त्या जड गिअरमधेच होती, हे एव्हाना मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही कळलं होतं.

"दांडा पुढं सारा की," तो म्हणाला.

सुंदररावांनी चालत्या गाडीत दांड्याला हात घातला. आतून असा कर्रर्र आवाज आला, की त्यांनी विंचू चावल्यासारखा हात मागं घेतला. "दात पडतील तिचे!" दांडा निघत नव्हता. तो कसा काढायचा ते सांगणारं पुस्तक देव्हाऱ्यात हळदकुंकवात होतं.

मागच्या काचेवर शोरूमच्या फोनचा नंबर मोठ्या आकड्यांत चिकटवलेला. सभासदांतल्याच एका सातवी शिकलेल्या सुनेनं तो उलट्या बाजूनंसुद्धा बरोबर वाचला. "नाना, त्या इकनाऱ्याला फोन लावा. दोन मिन्टात सांगंल."

"त्याला इचारू?" सुंदररावांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांना गाढवाचे दात मोजायला सांगितले. "मी? त्याला?"

फोन लागला नाही. म्हणजे लावलाच नाही.

साडेतीन वाजले. मागून भाड्याची एक काळी-पिवळी जीप आली, टपावर दोन शेळ्या, पायरीवर माणसं. ड्रायव्हरनं शेजारी येऊन चाल कमी केली आणि सुंदररावांना रामराम घातला. "काय नाना, वरात हाय का? या, बसवतो समद्यांना. धाबारा मिन्टात सोडतो."

अकरा माणसं हलली. सुंदररावांनी हात आडवा केला. "कुनी उतरायचं न्हाई! मी आनलेली मतं दुसऱ्याच्या गाडीतून उतरली, तर गाव म्हनंल जीप बसली. मग निवडून येऊन बी काय उपेग?"

मंडळी पुन्हा खाली बसली. ज्याच्या गाडीत बसलो त्याचा मान ठेवावा, एवढी रीत त्यांना होती. दुष्काळानं पोटातलं नेलं होतं, रीत नव्हती नेली. फक्त बायनाबाईंनी दार उघडलं, चालत्या जीपमधून खाली उतरल्या, आणि त्यासाठी त्यांना धावावंही लागलं नाही. "मी मत द्यायला निघालेय," त्या म्हणाल्या. "तुमची जीप मिरवायला न्हाई." काळी-पिवळी त्यांना घेऊन गेली. जीप तिच्या धुळीत ओरडत राहिली. पुढं एका ठिकाणी दोन म्हशी तिला मागं टाकून गेल्या, असं म्हणतात. म्हशी नव्हत्या, एकच होती, आणि तिला घाई होती.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी जीप मतदान होतं त्या शाळेपाशी पोचली. गेट चारला बंद झालं होतं. आत बायनाबाई एकट्याच मत देऊन, बोटाची शाई वाळवत कट्ट्यावर बसल्या होत्या. बाकीचे दहाजण गेटच्या गजांना धरून उभे राहिले. पोलीस म्हणाला, उद्या या. मग त्याच्या लक्षात आलं की उद्या काही नाही.

मतमोजणी त्याच संध्याकाळी झाली. सुंदरराव सात मतांनी पडले. गेटबाहेर उभी होती दहा. हा हिशोब समजायला गावात कुणाला सोसायटीचा सेक्रेटरी लागला नाही.

शाळेच्या मैदानात गुलाल उडाला. जीप तिथंच उभी होती. दांडा कुणाच्यानं निघाला नव्हता, त्यामुळं तिला हलवायचं म्हणजे पुन्हा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायला लावायचं. तिच्या बॉनेटवरच्या रेघांत गुलाल बसला आणि ती आणखीच ओरबाडलेली दिसायला लागली. तुळजाबाई डबा घेऊन आल्या होत्या, चढायचा. त्या डब्यावरच बसून राहिल्या. सुंदररावांनी गॉगल काढला नव्हता. अंधारायला लागलं तरी काढला नव्हता.

अर्जुनराव हार घालून, मिरवणुकीतून मुद्दाम वाट वाकडी करून तिथं आले. शाळेत दोघं एका पाटावर बसलेले. त्यांनी जीपच्या आरशाला टिचकी मारली, तो पिवळा बिब्बा हलवला आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय बे सुंदऱ्या, आठ कोसाला साडेचार तास? लोकांची मतं आनायला निघाला, अन् बैलगाडीच्या मागं राहिला. अरे, न्हाई जमत तर घरी बसावं. कशाला त्या गरिबांना डोंगरावरून इथपर्यंत रखडवत आनलंस?"

मंडळी हसली. दहाजणही कसनुसं हसले. सुंदररावांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं, गॉगल काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आनलं तर खरं. तुमी पंधरा वर्सं चेअरमन हाव, त्या वस्तीवर कवा गेलतात तेवढं सांगा."